बटणांची गिटार, तारांची गिटार

प्रश्न: माझा अकरा वर्षांचा मुलगा मामाने अमेरिकेहून आणलेल्या ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमवर तासन्‌तास वाजवतो. आता खरी गिटार मागतोय. त्या खेळाचा काही उपयोग होईल का? – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, गिटार जरूर घेऊन द्या. मी गिटार शिकवतो. हा खेळ खेळून आलेल्या मुलांचं लयीचं भान बरंच पक्कं असतं, हे मी वर्गात पाहतो. बोटांचं मात्र सगळं नव्याने. २००५ साली आलेल्या त्या खेळातल्या खेळण्याच्या गिटारीवर पाच रंगीत बटणं आणि तार छेडल्यासारखी हलवायची एक पट्टी. सूर आधीच रेकॉर्ड केलेला. चुकलं की तेवढा गप्प होतो. खऱ्या गिटारीच्या सहा तारा आपणच सुरात लावायच्या, फ्रेटच्या (गिटारीच्या दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) अगदी जवळ दाबायच्या, नाहीतर तार खरखरते. बोटांची टोकं दुखतात. पहिले काही आठवडे तो वैतागेल, तेव्हा शेजारी बसून ऐका. (ड्रम्सचं वेगळं. ‘रॉक बँड’ या तशाच दुसऱ्या खेळातल्या चार पॅड आणि पेडलवर बसलेला हात खऱ्या ड्रम्सवरही बराचसा चालतो.)

नायलॉनच्या तारांची, थ्री-फोर्थ (पाऊण) मापाची गिटार घ्या. खेळ बंद करू नका. त्यातलंच त्याचं आवडतं एखादं सोपं गाणं शिक्षकांना आधी शिकवायला सांगा.