बॅकअप फाइल आहे म्हणून निर्धास्त राहू नका

कंपनीने दिलेला फायबर राउटर ब्रिज मोडवर (म्हणजे लॉगिनचे काम पुढच्या राउटरकडे सोपवून नुसता दुवा म्हणून) टाकून पुढे स्वतःचा राउटर लावायचा आहे आणि त्याच्या सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून घेतली आहे, तेव्हा आता बदल करायला हरकत नसावी, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते हरकत आहे, कारण अशीच फाइल हाताशी असूनही माझे इंटरनेट बरेच दिवस बंद होते.

लाइन दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने मला न विचारता मागच्या भोकात पिन घालून राउटर रीसेट केला, त्यातच फर्मवेअर (राउटरमधली मूळ प्रणाली) बदलले आणि नव्या आवृत्तीने जुनी फाइल स्वीकारलीच नाही. पीपीपीओईचा (कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचा) पासवर्ड सेटिंगच्या पानावर ठिपक्यांतच दिसत असल्याने तो टिपून ठेवण्याची सोयच नव्हती. कार्यालयात ‘पासवर्ड ग्राहकाला देत नाही, तक्रार नोंदवा’ असे सांगत, आणि तक्रार नोंदवली की ‘लाइन चालू आहे’ असा शेरा मारून ती परस्पर बंद करत. फायबरचा दिवा हिरवा आहे एवढ्यावर लाइन चालू धरणाऱ्यांना, लॉगिनच होत नाही हे कोणी आणि कसे पटवायचे? शेवटी समजले की पासवर्डच्या आधी व्हीलॅन क्रमांकच (एकाच लाइनवरची वेगवेगळी वाहतूक ओळखण्याचा क्रमांक) चुकीचा पडला होता. राउटरच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदीत) सर्व्हरचे उत्तरच येत नसेल तर संशय व्हीलॅनवर घ्यावा. लॉगिन नाकारल्याची नोंद असेल तर युजरनेम-पासवर्डवर.

म्हणून वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) पानाचे फोटो काढा, व्हीलॅन क्रमांक, युजरनेम आणि एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, पीपीपीओईला बहुधा १४९२ बाइट) वहीत उतरवा, लँडलाइन किंवा टीव्हीची वेगळी जोडणी असल्यास तीही टिपा, आणि सगळे सुरळीत चालू असतानाच पासवर्ड लेखी मागून घ्या. तो मिळेपर्यंत मूळ राउटरला हात लावू नये, याबाबत मी हटवादी आहे.

तोवर तुमचा राउटर मूळ राउटरच्या मागे जोडून आयपी पत्त्यांच्या वेगळ्या पट्ट्यात चालवा, मूळ १९२.१६८.१.१ वर असेल तर हा १९२.१६८.२.१ वर ठेवा. दुहेरी नॅटमुळे (दोन्ही राउटर पत्ते बदलत असल्याने) पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत पोहोचणे, अडेल, पण वायफाय, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा), फायरवॉल हे सारे निवांत तपासता येते. तुमचा राउटर मायक्रोटिक कंपनीचा असेल तर सेफ मोड चालू करूनच बदल करा, म्हणजे संपर्क तुटल्यास बदल आपोआप मागे फिरतात. शिवाय बायनरी बॅकअप त्याच उपकरणासाठी असल्याने ‘एक्स्पोर्ट’ आज्ञेने सेटिंगची मजकुरी प्रतही काढून ठेवा. सिस्को कंपनीच्या राउटरवर ‘रीलोड इन १०’ (दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू हो) ही आज्ञा देऊन काम सुरू करावे आणि सर्व नीट चालल्याची खात्री होईपर्यंत कॉन्फिगरेशन सेव्ह करू नये. अडकलात तर दहा मिनिटांनी राउटर जुन्या सेटिंगवर उठतो. जमले तर रीलोड रद्द करायला मात्र विसरू नका.

राउटर कंपनीच्या मालकीचा असेल तर ब्रिज मोडला परवानगी आहे का, हे आधी विचारा. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते आणि माझा अनुभव एकाच कंपनीचा आहे. आणि हे काम शनिवारी रात्री काढू नका, कारण रविवारी कार्यालयात फोन उचलायला कोणी नसते.