बाळाच्या आसपासचा धूर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासरे बिडी ओढतात. बाळ झाल्यापासून गॅलरीत जातात, दार लावून घेतात, आत आल्यावर बडीशेप खातात आणि लगेच नातवाला उचलतात. बाळ चार महिन्यांचं आहे. एवढी काळजी पुरेशी आहे का? (सातारा)

उत्तर : पुरेशी नाही, पण निम्मं काम ते आपण होऊन करताहेत, म्हणजे उरलेलंही करतील. गॅलरीच्या दाराला फटी असतात आणि धुराचे कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक. त्यात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू असेल, तर तो गॅलरीतली हवा घरातून ओढत नेतो. म्हणून बिडी ओढायची ती खाली, इमारतीच्या बाहेर.

शेवटच्या झुरक्यानंतरही मिनिटभर तरी श्वासातून धुराचे कण बाहेर पडत राहतात. बडीशेपेने फक्त वास झाकतो. तेव्हा क्रम असा ठेवा : बिडीसाठी एक वेगळा शर्ट, तो दाराबाहेरच्या खुंटीला. बिडी विझल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाहेरच. मग चूळ, कोपरापर्यंत साबणाने हात आणि चेहरा. मिशी धुवायची हमखास राहते, आणि पापी घेताना बाळाच्या गालाला लागते तीच. बाळ ज्याच्या खांद्यावर असतं त्याचा शर्ट चोखतं, म्हणून खांद्यावर धुतलेलं दुपटं घ्या.

एका बाबतीत मात्र भीड नको. धूम्रपान करणाऱ्याच्या अंथरुणात बाळाला झोपवू नका, अगदी दुपारच्या डुलकीलाही नाही. बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोका त्याने वाढतो. सासऱ्यांना बिडी सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी टोल-फ्री क्रमांक आहे.

प्रश्न : मला मिश्रीची सवय आहे, घरीच तव्यावर भाजते. बाळ अंगावर पितं. दूध बंद करू का? (बीड)

उत्तर : दूध बंद करू नका. मिश्री सुटली तर उत्तमच. ती सुटेपर्यंत आधी पाजा, मग लावा. दुधातलं निकोटीन निम्म्यावर यायला साधारण दीड तास लागतो, त्यामुळे मधे जितका वेळ जाईल तितकं बरं. लावून झाल्यावर हात धुवा. घरात भाजणं मात्र आजपासून बंद. तंबाखू तव्यावर करपली काय नि बिडीत जळली काय, निकोटीन हवेत जातंच. डबी फळीवर उंच ठेवा. रांगत्या मुलाच्या तोंडात चिमूटभर तंबाखू गेली तरी विषबाधा होऊ शकते.

प्रश्न : न्हाऊ घातल्यावर ओवा-वेखंडाची धुरी चालेल ना? त्यात तंबाखू नसते. (चिपळूण)

उत्तर : नको. फुप्फुसांना धूर तो धूरच. शिवाय बंद खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो. अंग पटकन कोरडं करा, टोपडं घाला, आईने छातीशी घ्यावं. ऊब एवढ्याने मिळते.

प्रश्न : भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये आधीचे लोक सिगारेट ओढत. रंग दिला, तरी पावसाळी हवेत वास येतो. बाळ रांगू लागलंय. (ठाणे)

उत्तर : निकोटीन भिंतीत, गाद्यांत मुरतं आणि महिनोन्‌महिने हळूहळू परत हवेत येतं. हवेतल्या नायट्रस आम्लाशी त्याचा संयोग झाला की कॅन्सरकारक नायट्रोसामाइन्स तयार होतात. हे २०१० साली प्रयोगातून समोर आलं. नायट्रस आम्ल घरातल्या गॅसच्या शेगडीतूनही येतं. नुसत्या रंगाखालून डाग आणि वास दोन्ही वर येतात.

आधी घरमालकाच्या गाद्या, पडदे, सोफा बाहेर काढा. निकोटीन अल्कधर्मी असल्याने आम्लात चांगलं सुटतं : एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी. दारं, खिडक्यांच्या चौकटी, कपाटांची आतली बाजू आणि पंख्याची पाती आधी याने, मग साबणाच्या पाण्याने पुसा. मेन स्विच बंद करून बटणांचे बोर्ड फक्त पिळलेल्या फडक्याने. बादलीतलं पाणी कोऱ्या चहासारखं पिवळट झालं की बदला, नाहीतर तेच पुन्हा भिंतीला लागतं. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. ऑइलपेंटची भिंत धुता येते. साधा डिस्टेंपर मात्र खरवडून, डाग अडवणारा सॉल्व्हंट प्रायमर मारून मगच रंगवावा. प्रायमर-रंगाचा वास जाईपर्यंत बाळाला दुसरीकडे ठेवा. एसी असेल तर जाळी धुऊन भागत नाही, कॉइलची सर्व्हिसिंग करून घ्या. रूम फ्रेशनरवर पैसे घालवू नका.