तृतीयपंथीयांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी तू तृतीयपंथीयांच्या ऐतिहासिक योगदानावर लिहितो आहेस, हे कळल्यावर मनापासून आनंद झाला. तुझ्या टिपणांत मध्य प्रदेशातील सोहागपूरमधून आमदार झालेल्या शबनम मौसी आहेत, आणि तशाच 'पहिल्या' ठरलेल्या इतरही आहेत. ही नावे जरूर असू देत. मात्र लेख केवळ त्यांवर उभा राहिला, तर या समाजाला इतिहासच नव्हता असा वाचकाचा समज होईल.

त्याआधी 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा वाच. उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांसाठी केलेल्या या कायद्याच्या दुसऱ्या भागात, सरकारने 'नपुंसक' ठरवलेल्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंदलेली व्यक्ती स्त्रीवेशात रस्त्यावर दिसली किंवा चारचौघांत नाचली, तर तिला वॉरंटशिवाय अटक होऊन दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. मला अधिक बोचते ते पुढचे कलम. अशा व्यक्तीला मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करता येत नव्हते, अज्ञान मुलाचे पालकत्व घेता येत नव्हते आणि मुलगा दत्तक घेता येत नव्हता. म्हणजे हिजड्यांच्या घराण्यांत गुरूने मागे ठेवावे आणि चेल्याने, म्हणजे शिष्याने, सांभाळावे, असे काहीतरी तिथे नांदत होते, म्हणून तर ते मोडण्यासाठी कायदा करावा लागला. आपल्याकडेही मराठेशाहीत हिजड्यांना गावोगाव मागण्याचे परंपरागत हक्क आणि काही ठिकाणी इनाम जमिनी होत्या; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने ते हक्क पुढच्या पिढीकडे जाऊ न देण्याचे धोरण धरले. तरीही गुरू-चेल्यांची घराणी टिकली, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे योगदान हेच आहे.

एक पथ्य मात्र पाळ. देवगिरीवर चालून आलेल्या, अलाउद्दीन खिलजीच्या सेनापती मलिक काफूरला तृतीयपंथी म्हणू नकोस. त्याला शरीराने खच्ची केले होते. एवढ्यावरून त्याची ओळख ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ख्वाजासऱ्यांविषयी, म्हणजे राजवाड्यात चाकरी करणाऱ्या खच्ची केलेल्या सेवकांविषयी, लिहितानाही हाच संयम ठेव.

कलेसाठी कर्नाटकातील तृतीयपंथी लोककलावंत मंजम्मा जोगतींचे उदाहरण घे. यल्लम्माचे जोगते आपल्याकडेही आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला ही परंपरा परकी वाटणार नाही. जोगती नृत्याला त्यांनी देवळाच्या आवारातून रंगमंचावर आणले, आणि 2019 मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. 2021 मध्ये पद्मश्री स्वीकारताना त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली. ते चित्रीकरण अवश्य पाहा. देशाच्या सर्वोच्च पदापुढेही त्या आशीर्वाद देणाऱ्याच्या नात्याने उभ्या आहेत.

तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीचा 15 एप्रिल 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (नालसा खटला) मूळ स्वरूपात वाच. त्यात 1871 च्या कायद्याची दखल आहे आणि ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी स्वतःच्या आयुष्याविषयी केलेले कथनही आहे. शस्त्रक्रियेची अट न घालता आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क त्याच निकालाने मान्य केला. त्यानंतर मुंबईच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्याविषयी लिही. आई गमावलेल्या एका मुलीला त्यांनी आपली लेक म्हणून वाढवले. दत्तकाला मनाई करणाऱ्या त्या जुन्या कलमाशेजारी ही गोष्ट ठेवलीस, तर तुला वेगळे भाष्य करावे लागणार नाही.

मसुदा छापायला देण्यापूर्वी तुझ्या शहरातील एखाद्या गुरूंना वाचून दाखव, आणि त्यांनी सुचवलेले बदल कर.

कळावे,
तुझा शुभचिंतक