विमान चालवता येत नसेल तर सिव्हिल एअर पॅट्रोलमध्ये काय करता येईल?

तुम्ही विचारलंय: डेन्व्हरला राहतो, ग्रीन कार्ड आहे, विमान चालवता येत नाही. सिव्हिल एअर पॅट्रोलच्या कोलोरॅडो विंगमध्ये माझा काही उपयोग आहे का, आणि हरवलेलं विमान हे लोक शोधतात कसं?

उपयोग आहे, आणि चांगलाच आहे. शोधाच्या उड्डाणात पायलटचं काम विमान सरळ रेषेत, ठरलेल्या उंचीवर ठेवण्याचं. खाली बघायचं काम मुख्यतः उजवीकडच्या ऑब्झर्व्हरचं आणि मागे बसलेल्या स्कॅनरचं. स्कॅनरला पायलटचा परवाना लागत नाही, वय 18 पूर्ण हवं.

थोडी ओळख. 1 डिसेंबर 1941 ला स्थापना, 1948 पासून अमेरिकी हवाई दलाची नागरी सहायक संस्था. एकूण 52 विंग, म्हणजे विभागवार शाखा: 50 राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि पोर्तो रिको. कॅडेट 12 व्या वर्षापासून घेतात, त्यामुळे आपल्याकडच्यांना एनसीसी आठवते, पण इथे मोठी माणसं नोकरीधंदा सांभाळून आयुष्यभर राहतात. कोलोरॅडो विंगचं मुख्यालय कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या पीटरसन तळावर आहे. विमानं बहुतेक सेसना 172 आणि 182.

आता शोध. विमान बेपत्ता झालं की लगेच कुणी उडत नाही. फ्लोरिडातल्या टिंडल तळावरचं हवाई दलाचं बचाव समन्वय केंद्र मिशन नंबर देतं, तोपर्यंत विमान हँगरमध्येच. आपण होऊन निघालेल्याला ना इंधनाचे पैसे मिळतात, ना अपघात झाल्यास सरकारी संरक्षण. दरम्यान रडारच्या नोंदी आणि मोबाइल टॉवरच्या नोंदी तपासणारे संस्थेचेच स्वयंसेवक घरी संगणकावर बसून क्षेत्र आवळत आणतात. बऱ्याचदा खरा शोध इथेच लागतो. तुमचं काम डेटाचं असेल तर या बाजूचीही चौकशी करा.

विमानात बीकन असतो, म्हणजे आपटल्यावर आपोआप धोक्याचा रेडिओ संदेश पाठवणारं यंत्र. तो 406 मेगाहर्ट्झचा असेल तर तो सुमारे 50 सेकंदांनी एकदा उपग्रहाकडे संदेश पाठवतो. त्यात जीपीएस असेल तर जागा शंभरेक मीटरपर्यंत कळते, नसेल तर काही किलोमीटरचा घोळ राहतो. जुन्या 121.5 मेगाहर्ट्झवाल्या बीकनकडे उपग्रहांनी 1 फेब्रुवारी 2009 पासून लक्ष देणं बंद केलं. तो आता जवळून जाणाऱ्या विमानाला किंवा जमिनीवरच्या जवळच्या रेडिओलाच ऐकू येतो. आणि आपटताना अँटेनाच तुटली तर दोन्ही प्रकार मुके.

मग उरतं डोळ्यांनी शोधणं. नकाशावर 15 मिनिटं बाय 15 मिनिटं (घड्याळाची नव्हेत, अक्षांश-रेखांशाची; 60 मिनिटांचा एक अंश) असे चौकोन आखलेले असतात. एका विमानाला साधारण त्याचा चतुर्थांश मिळतो: उत्तर-दक्षिण साडेसात नॉटिकल मैल, पूर्व-पश्चिम डेन्व्हरच्या अक्षांशावर पावणेसहाच्या आसपास. जमिनीपासून 1,000 फुटांवर, 90 नॉट (तासाला 90 नॉटिकल मैल) वेगाने, अर्ध्या मैलाच्या अंतराने समांतर फेऱ्या मारायच्या. बारा फेऱ्या, म्हणजे 90 मैल, म्हणजे निव्वळ एक तास. वळणं धरून सव्वा तास. नजर घरंगळत नेली तर काहीच दिसत नाही. थोडं सरकायचं, क्षणभर थांबायचं, पुन्हा सरकायचं. शोधायचं विमान नव्हेच. चुरगाळून फेकलेल्या कागदासारखा पांढरा ठिपका, शेंडे मोडलेली झाडं, जळका पट्टा, बर्फावरचा ताजा ओरखडा, असं काहीतरी. जुन्या अपघातांचे अवशेषही डोंगरांत पडून असतात. त्यांची यादी आधी पाहिली नाही तर दुपार फुकट जाते.

डोंगरात समांतर फेऱ्या चालत नाहीत. शिखराच्या वरून सुरुवात करून डोंगराला वळसे घालत 500-500 फूट उतरायचं. दरीत वरच्या दिशेने शिरायचं नाही, कारण जमीन चढते तितकं विमान चढत नाही आणि वळायला जागा उरत नाही. कोलोरॅडोतल्याच लेडव्हिल गावाचा विमानतळ 9,934 फुटांवर आहे. 25 अंश तापमानात तिथली हवा इंजिनाला साडेतेरा हजार फुटांवरच्या हवेसारखी विरळ लागते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर निघतात. दुपारी ढग गडगडायला लागतात. म्हणूनच वजनही खरं सांगावं लागतं. सेसना 182 च्या टाक्यांत वापरण्याजोगं 87 गॅलन इंधन मावतं, त्याचंच वजन 522 पौंड. तिघं धडधाकट असले तर टाकी काठोकाठ भरता येत नाही. संकोचाने वीस पौंड कमी सांगणारा माणूस सगळ्यांनाच गोत्यात आणतो.

एक गोष्ट भरतीच्या पत्रकांत ठळक नसते: बीकनच्या बहुसंख्य हाका खोट्या असतात. विमान जरा जोरात टेकलं, दुरुस्तीत बटण दाबलं गेलं, बीकन बॅटरीसकट कचऱ्यात गेला. मग रात्री अकराला जमिनीवरचं पथक रेडिओ घेऊन हँगरच्या रांगांतून फिरतं. यातली जुनी युक्ती सोपी आहे. रेडिओ छातीशी धरून जागेवरच गोल फिरा. आवाज सगळ्यांत क्षीण होईल तेव्हा बीकन तुमच्या पाठीमागे. जवळ गेल्यावर आवाज सगळीकडून सारखाच येतो, तेव्हा अँटेना काढा किंवा रेडिओ फ्रिक्वेन्सीवरून जरासा सरकवा. पत्र्याच्या भिंती मात्र हमखास फसवतात, म्हणून एकाच जागेवरून निष्कर्ष काढू नका. बीकन सापडला तरी दुसऱ्याचं हँगर उघडायचा अधिकार तुम्हाला नाही. मालकाला किंवा पोलिसांना बोलवावं लागतं.

शोधाशिवाय पुरानंतरची हवाई छायाचित्रं (कोलोरॅडोत सप्टेंबर 2013 च्या पुरात विंगने ती काढली), लढाऊ विमानांच्या अडवण्याच्या सरावात नकली लक्ष्य होणं, कॅडेटांना मोफत उड्डाणं आणि शाळांमधलं शिक्षण ही कामं असतात.

सामील व्हायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड पुरतं. आधी जवळच्या स्क्वाड्रनच्या (विंगच्या स्थानिक तुकडीच्या) साप्ताहिक बैठकीला दोन-तीनदा जाऊन बसा. काही स्क्वाड्रन मुलांच्या कवायतीतच रमलेले असतात, काही उडण्यात. नंतर अर्ज, बोटांचे ठसे, एफबीआयची पडताळणी, मुलांच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम. मग रेडिओ आणि आपत्कालीन व्यवस्थापनाचे ऑनलाइन कोर्स, आपत्कालीन सेवांची सामान्य परीक्षा, आणि त्यानंतर स्कॅनरचं प्रशिक्षण. वर्गणी आणि गणवेश स्वतःच्या खिशातून. पहिल्या उड्डाणाला उलटीची पिशवी जवळ ठेवा: मागच्या सीटवर, वळणात, खाली बघत बसलेल्याला सगळ्यांत आधी मळमळतं.