भागीदारी, उधारी आणि ‘छान आहे’ म्हणणारी माणसं

व्यवसाय सुरू केलेल्या आणि करू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मित्राबरोबर दीड वर्षापूर्वी व्यवसाय सुरू केला. हिस्सा निम्मा-निम्मा ठरला, तोही तोंडी. मी नोकरी सोडली, त्याने सोडली नाही. तो संध्याकाळी दोन तास येतो आणि नफ्यात निम्मा वाटा मागतो. विषय काढला तर मैत्री तुटेल, अशी भीती वाटते.

उत्तर : मनात दाबून ठेवलेली गोष्ट एक दिवस भलत्याच कारणावरून बाहेर पडते आणि मैत्री तिथे तुटते. म्हणून विषय आत्ताच काढा, पण तयारीने.

तुमच्या निम्म्या-निम्म्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या आहेत : कुणी किती पैसे घातले, कोण किती काम करतं आणि मालकी कुणाची किती. त्या आधी सुट्या करा. घातलेला पैसा भांडवल किंवा कर्ज म्हणून वेगळा लिहा. कामाचा मोबदला पगार म्हणून धरा. आज देता येत नसेल तर ‘देणे’ म्हणून वहीत मांडा. हे वजा जाऊन उरेल तो नफा, आणि हिश्शाप्रमाणे वाटायचा तो एवढाच. बरीचशी कुरबूर इथेच मिटते, कारण मित्राच्या मालकीला हात न लावता तुमच्या पूर्ण वेळेचं मोल होतं.

मालकीसाठी नव्या कंपन्यांमध्ये रुळलेली एक पद्धत आहे : हिस्सा पहिल्याच दिवशी पदरात न टाकता तो ४ वर्षांत कमवायचा. पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत जो सोडेल त्याला काही नाही. वर्ष भरलं की चौथा भाग पक्का, पुढे दर महिन्याला एक अठ्ठेचाळिसांश. निम्म्याचा भागीदार १८ महिन्यांनी बाहेर पडला, तर त्याच्याकडे निम्म्याचे ४८ पैकी १८ भाग, म्हणजे एकूण मालकीपैकी १८.७५ टक्के राहतात. अर्धवेळ काम करणाऱ्याचा महिना अर्धा धरायचा का पाव, हे दोघांनी ठरवा; मात्र आकड्यात ठरवा.

बोलणी भांडणानंतर किंवा फोनवर नकोत. दोन बैठका ठेवा, प्रत्येकी दीड तासाच्या, मध्ये चार-पाच दिवस सोडून. बसण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर पाच प्रश्नांची उत्तरं लिहावीत : पुढची दोन वर्षं मी आठवड्याला किती तास देणार? कोणत्या विषयात अंतिम शब्द माझा आणि कोणत्यात तुझा? घरखर्चाला मला यातून दरमहा किती लागतं? अजून किती पैसे घालायची माझी तयारी आहे? मला बाहेर पडायचं झालं तर कसं? पहिल्या बैठकीत कागद फक्त अदलाबदल करून वाचा, वाद घालू नका. बहुतेक वेळा असं दिसतं, की एकाच्या डोक्यात हा आयुष्यभराचा धंदा असतो आणि दुसऱ्याच्या डोक्यात जोडधंदा. दोन्ही रास्तच आहे, पण दोघांचा हिस्सा सारखा असू शकत नाही.

बाहेर पडण्याचं कलम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच राहून जातं. व्यवसायाची किंमत कशी काढायची हे आजच लिहा आणि ती रक्कम हप्त्यांनी द्यायची असंही लिहा. एकरकमी दिली तर चालता धंदा रोकडीवाचून बसू शकतो. साध्या भागीदारीत एकाने धंद्यासाठी काढलेलं कर्ज दुसऱ्याच्याही डोक्यावर येऊ शकतं, म्हणून सह्यांपूर्वी मसुदा वकिलाला दाखवाच.

प्रश्न : ऑर्डरी वाढल्या, नफाही दिसतो, पण हातात पैसा नाही. गिऱ्हाइकं जुनी, संबंध चांगले. पैसे मागायला संकोच वाटतो.

उत्तर : आधी पैसा कुठे अडकतो ते पाहा. समजा महिन्याची विक्री १०० आहे. त्यातले ६० मालाला रोख जातात, २५ इतर खर्चाला. नफा १५. गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देतं. आता विक्री १५० झाली : मालाला ९०, इतर खर्च तोच २५, जाणार ११५. कागदावर नफा ३५. पण या महिन्यात हातात येणारे पैसे दोन महिन्यांपूर्वीच्या विक्रीचे, म्हणजे १००. सलग दोन महिने दरमहा १५ कमी पडणार. तुमचं हेच झालंय. मोठी ऑर्डर घेण्याआधी ही बेरीज-वजाबाकी एकदा करा आणि कमी पडणारी रक्कम गिऱ्हाइकाकडून आगाऊ मागा.

संकोच कमी करायचा उपाय म्हणजे मागणं तुमच्या मूडवर न सोडता तारखांवर सोडणं. अटी ऑर्डर घेतानाच लेखी हव्यात : किती आगाऊ, उरलेले किती दिवसांत. मग क्रम असा. बिल दिल्याच्या तिसऱ्या दिवशी फोन, पैशासाठी नव्हे : ‘बिल मिळालं ना? ऑर्डर क्रमांक, रक्कम बरोबर आहे ना?’ पुष्कळ बिलं बुडवायच्या हेतूने अडकत नाहीत. क्रमांक चुकलेला असतो किंवा बिल भलत्याच टेबलावर पडलेलं असतं. मुदतीच्या सात दिवस आधी एक ओळीचा मेसेज. मुदत टळल्यावर तिसऱ्या दिवशी मेसेज, दहाव्या दिवशी फोन, पंधराव्या दिवसापासून जुनी बाकी येईपर्यंत नवा माल बंद.

मेसेज साधा असावा : ‘नमस्कार. बिल क्र. ११४ ची मुदत ३ तारखेला संपली. पैसे कोणत्या तारखेला जमा होतील, तेवढं कळवावं.’ ‘गैरसमज नसावा’, ‘त्रास देतोय’ असलं काही नको. ‘लवकर द्या’ हेही नको. तारीख विचारली की तारीख मिळते. आणि माल मागवणारा माणूस व पैसे सोडणारा माणूस वेगळे असतील, तर हिशेबवाल्याशी स्वतंत्र ओळख ठेवा. वसुली पुष्कळदा त्या ओळखीवर होते.

मुदत पाळता येत नाही असं एखाद्याने आपणहून सांगितलं, तर हप्ते बांधून द्या आणि ते लिहून घ्या. फोनच न उचलणारा आणि अडचण आधी सांगणारा, या दोघांना एका मापाने मोजू नका. दुसऱ्याला सांभाळलंत तर तो पुढे वर्षानुवर्षं टिकतो.

प्रश्न : माझी कल्पना पंचवीस जणांना सांगितली. सगळे ‘छान आहे’ म्हणाले, घेतलं एकानेही नाही. उमेद खचली आहे.

उत्तर : ‘छान आहे’ हे तुमच्या उत्साहाला दिलेलं उत्तर आहे. समोरच्याला तुमचं मन मोडायचं नसतं. ‘हे बाजारात आलं तर घ्याल का?’ या प्रश्नाला होकार द्यायला काही पडत नाही, म्हणून तो प्रश्नच काढून टाका.

कल्पना न सांगता विचारा : ही अडचण शेवटची कधी आली? तेव्हा नेमकं काय केलंत? त्यात किती वेळ, किती पैसे गेले? आधी काय वापरून पाहिलं, का सोडलं? ज्याला शेवटची वेळ आठवत नाही, त्याची ती अडचणच नाही. तिथे आभार मानून उठा. ज्याने स्वतः काहीतरी जुगाड केलेलं आहे, तो तुमचा माणूस. त्याला वस्तू दाखवा आणि थोडी आगाऊ रक्कम मागा. पैसे काढताना माणूस जे बोलतो ते शब्दन् शब्द टिपून घ्या.

नकारांचीही वर्गवारी करा : गरज नाही, किंमत झेपत नाही, आत्ता नको, विश्वास बसत नाही. वीसपैकी बारा नकार ‘विश्वास बसत नाही’ या रकान्यात पडले, तर वस्तू बदलायची गरज नाही. नमुना, हमी किंवा आधीच्या गिऱ्हाइकाचा शब्द हवा. वहीत रकाने पडले की नकार स्वतःला लावून घेणंही बरंच कमी होतं.

प्रश्न : नोकरी कधी सोडावी? धाडस होत नाही.

उत्तर : धाडसाची वाट पाहू नका. सरस सरस्वती या संशोधक बाईंनी २७ अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास केला. त्यातून पुढे आलेलं एक सूत्र असं : किती मिळेल याचा अंदाज बांधण्यापेक्षा किती गेलं तर चालेल हे आधी ठरवायचं.

तीन मर्यादा लिहा : रक्कम, मुदत आणि खूण. रक्कम काढताना गेल्या तीन महिन्यांच्या प्रत्यक्ष घरखर्चाची महिन्याची सरासरी घ्या, त्यात वर्षाकाठी येणाऱ्या खर्चांचा बारावा भाग मिळवा (विमा, फी, दुरुस्त्या, लोक हमखास हेच विसरतात) आणि त्याला किमान ९ ने गुणा. ही रक्कम घरासाठी, ती धंद्याच्या खात्यात कधीही येऊ द्यायची नाही; तिच्यावर उरेल तेवढीच गेली तर चालणारी. खूण मोजता येईल अशी हवी, जसं ‘सहा महिन्यांत दहा गिऱ्हाइकांनी पूर्ण दराने पैसे मोजले’. कागद घरच्यांसमोर लिहा आणि त्यांच्याकडेच ठेवा. तुम्ही आत अडकलात की मुदत वाढवायची कारणं तुम्हाला सुचत राहतील, त्यांना नाही.

प्रश्न : ओळखी वाढवायला मेळाव्यांना जाणं मला जमत नाही.

उत्तर : नका जाऊ. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक पाहणी मांडली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांनाच ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. जवळपास ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २८ टक्क्यांना क्वचितच भेटणाऱ्याकडून. जवळच्यांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. धंद्याच्या बातम्याही अशाच फिरतात, असं आम्हाला वाटतं.

तेव्हा फोनमधली जुनी नावं काढा : माजी सहकारी, वर्गमित्र, जुने पुरवठादार. आठवड्याला तिघांशी बोला. मागणं लहान आणि नेमकं ठेवा. ‘काही काम असेल तर सांग’ यावर कुणालाच काही सुचत नाही. ‘पॅकिंगच्या मशीनची दुरुस्ती करणारा कुणी माहीत आहे का?’ यावर नाव निघतं. काम झालं की नाही, हे त्या माणसाला उलट कळवा. एवढं करणारे फार थोडे, म्हणून ते लक्षात राहतात.

प्रश्न : माणूस ठेवला, तरी सगळं मलाच बघावं लागतं.

उत्तर : काम सांगताना ‘नीट कर’ हा शब्द टाळा. झालेलं काम कसं दिसतं ते एका कागदावर लिहा, पहिल्यांदा तुम्ही करून दाखवा, दुसऱ्यांदा शेजारी बसा, तिसऱ्यांदा फक्त शेवटी तपासा. किती रकमेपर्यंतचा निर्णय त्याने न विचारता घ्यायचा, हेही सांगा. आणि त्या मर्यादेत त्याने चुकीचा निर्णय घेतला, तर पहिल्या खेपेस नुकसान गप्प सोसा. तिथे ओरडलात, तर तो दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खिळा विचारून ठोकेल.