वडगाव ‘बी. के.’ म्हणजे काय?

प्रश्न असा आहे: पुण्यात सिंहगड रस्त्याला नवीन घर घेतलं. पत्त्यात ‘वडगाव बी. के.’ आणि करारनाम्यात ‘मौजे वडगाव बुद्रुक, तालुका हवेली’. जवळच वडगाव खुर्द. मग बुद्रुक म्हणजे काय, आणि बुद्रुक लिहायचं की बुद्रूक?

‘बी. के.’ ही कोणाच्या नावाची आद्याक्षरं नाहीत. रोमी लिपीत लिहिलेल्या ‘बुद्रुक’मधली ती दोन अक्षरं. जुन्या मराठी दफ्तरात हेच काम ‘बु॥’ आणि ‘खु॥’ करत.

दोन्ही शब्द फारसीतून आले. खुर्द म्हणजे लहान. रुपयाचा खुर्दा करतो त्यातला खुर्दा याच घरातला. बुजुर्ग म्हणजे मोठा, वडीलधारा. मराठी तोंडात त्यातला ‘ज’ जाऊन ‘द’ आला (कागज आणि कागद आठवा), ‘र’ पुढे सरकला आणि बुद्रुक तयार झाला. उत्तरेत खुर्दचा जोडीदार बऱ्याचदा ‘कलां’ असतो, आपल्याकडे बुद्रुक.

एका नावाची दोन गावं शेजारी-शेजारी असली की सारा वसूल करणाऱ्याला ती वेगळी ओळखता यायला हवीत. ही विशेषणं त्यासाठी. म्हणून ‘मोठं’ हे जोडीतल्या दुसऱ्या गावाच्या मानाने, आणि तेही नाव पडलं तेव्हाचं. आज कुठे जास्त इमारती आहेत यावरून ते पडताळायला जाऊ नये. गावाचे नदीने दोन भाग केले की एक खुर्द आणि एक बुद्रुक, असंही सांगतात. हिंगण्याला ते लागू पडल्यासारखं वाटतं, कारण हिंगणे बुद्रुक आणि हिंगणे खुर्द यांच्यामधून मुठा वाहते. पण दोन्ही वडगावं मुठेच्या एकाच काठावर आहेत, तेव्हा तो नियम धरता येत नाही.

हिंगणे बुद्रुक म्हणजे आजचं कर्वेनगर. महर्षी कर्व्यांनी १९०० साली आपला विधवाश्रम तिथे नेला तेव्हा ते पुण्याबाहेरचं खेडं होतं. संस्था वाढली, वस्ती वाढली आणि बोलण्यात कर्वेनगर रुळलं. जुनं नाव जमिनीच्या कागदांत मात्र राहिलं.

शहर पसरताना या शब्दांना नवीन वजन आलं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बावधन पाहा. बावधन खुर्द आधीच महापालिकेत होतं. बावधन बुद्रुक २०२१ मध्ये २३ गावं समाविष्ट झाली तेव्हा आलं. मधली वर्षं एकाला नगरसेवक, दुसऱ्याला सरपंच. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळणारही नाही की शीव कुठे आहे, पण पाणी कोण देणार आणि घरपट्टी कुठे भरायची हे खुर्द की बुद्रुक यावर ठरत होतं. आंबेगाव खुर्द आणि आंबेगाव बुद्रुक मात्र २०१७ मध्ये, ११ गावांच्या वेळी, बरोबरच आत आले. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटवर सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांना नवी नावं मिळाली. खरेदीखतात मौजे अमुक बुद्रुक टिकलं. म्हणूनच ‘बी. के.’ ऐकलं की मला वाईट वाटतं. शेकडो वर्षं वापरलेला शब्द तिथल्याच रहिवाशांना कळेनासा होतो. पूर्ण ‘बुद्रुक’ म्हणायला कितीसा वेळ लागतो?

आता ऱ्हस्व-दीर्घ. मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातला) उकार, तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द सोडले तर, दीर्घ लिहितात: माणूस, कापूस. त्या हिशोबाने ‘बुद्रूक’ नियमाला धरून आहे. पण विशेषनाम जसं रूढ असेल तसं लिहावं, आणि पाट्यांवर, नकाशांवर बहुतेक ठिकाणी ‘बुद्रुक’ दिसतं. मी तेच लिहितो. तुमच्या करारनाम्यात जे आहे तेच बँकेच्या आणि विजेच्या अर्जातही लिहा, म्हणजे कागदपत्रं जुळवताना अडचण येणार नाही.