ध्यानाने जुनं कर्म पुसलं जातं का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी नौपाड्यात राहतो, वय 52. बाबा गेल्यावर फ्लॅट माझ्या नावावर व्हावा म्हणून बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली, तिला म्हटलं नुसती फॉर्मॅलिटी आहे गं, तुझा वाटा नंतर देतो. आठ वर्षं झाली, दिला नाही. आता मुलगा इंजिनिअर होऊन दीड वर्ष घरी बसलाय, वाटतं माझंच कर्म फिरून आलं. तीन वर्षं रोज पहाटे उपवनला तलावाकाठी ध्यान करतो, मन खूप शांत झालंय. आत्मिक प्रगतीने कर्म बदलतं का?

उत्तर: दादा, आधी मुलाचं. त्याची नोकरी तुमच्या पापाशी जोडू नका, त्याचं कर्म त्याचं, आणि घरात बाप रोज आपल्याकडे पाहून उसासे टाकतोय हे त्या पोराला कळत असणारच.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग सांगतात. साठलेलं ते संचित, त्यातलं या जन्मी भोगायला निघालेलं ते प्रारब्ध आणि आत्ता करतोय ते क्रियमाण. गीतेच्या चौथ्या अध्यायात म्हटलंय की ज्ञानाचा अग्नी सगळी कर्मं भस्म करतो, पण वेदान्ती लगेच सांगतात की प्रारब्ध त्यातून वगळायचं, कुंभाराने हात काढला तरी चाक वेग संपेपर्यंत फिरतच राहतं ना, तसं.

बुद्धांचा दाखला मला जास्त पटतो. मिठाचा खडा वाटीभर पाण्यात टाकला तर ते पाणी तोंडात धरवत नाही, तोच गंगेत टाकला तर कळतही नाही. खडा तेवढाच, माणूस आतून मोठा झाला की तेच फळ त्याला तेवढं खारट लागत नाही. म्हणजे बदलतं, हो. पण अंगुलिमालही आठवा, माणसं मारणारा तो दरोडेखोर भिक्षू झाला, अर्हत झाला, तरी भिक्षेला गेला की लोकांचे दगड बसायचे, डोकं फुटून, भिक्षापात्र मोडून परत यायचा आणि बुद्ध त्याला म्हणाले, सहन कर. एवढ्या वरच्या पायरीवर पोचलेल्यालाही दगड चुकले नाहीत.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते "मन खूप शांत झालंय". कशामुळे हो? ज्या फ्लॅटमधून उठून तुम्ही उपवनला जाता त्यात बहिणीचा वाटा अजून तसाच आहे. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच. तुम्ही याला जुनं कर्म म्हणताय, पण वाटा न देणं रोज चालूच आहे, ते क्रियमाण झालं, आणि ते तर पूर्ण तुमच्या हातात.

ध्यान सोडू नका, उलट त्याचा उपयोग करा, बहिणीला फोन लावताना हात कापेल तेव्हा तीन वर्षांची बैठक कामी येईल. मुलाच्या नोकरीचं तिच्याकडे बोलू नका, नाहीतर तिला वाटेल दादा शाप उतरवायला आलाय. ती चिडेल, कदाचित फोन ठेवेल, तर परत करा. वाटा रोख द्यायचा की फ्लॅटमध्ये बक्षीसपत्र करून द्यायचा हे तिलाच विचारा आणि वकिलाकडे दोघं मिळून जा, बक्षीसपत्र केलंत तर स्टॅम्प ड्युटी तुम्ही भरा.